भागीरथाची बोटं

मी पुंडलिकराव, आर्वी डेपोचा रिटायर कंडक्टर. सगळी नोकरी लोकांना "पुढे सरका" म्हणण्यात गेली, त्यामुळे आवाज मोठा आहे आणि गप्प बसायची सवय नाही, हे आधीच सांगून ठेवतो. साहेब लोकांपुढे उभं राहावं लागे म्हणून जरा पुस्तकी बोलता येतं, घरात मात्र आमचं वऱ्हाडीच चालतं. माझ्या बायकोला, भागीरथाला, माझं पुस्तकी बोलणं आवडत नाही. ती म्हणते, "तुम्ही असे बोलता तवा मले वाटते, आता तिकीट मांगतान."

भागीरथा शहात्तर वर्षांची आहे. मागच्या वर्षी सोयाबीन निघायच्या दिवसांत तिच्या मानेत गाठ आली आणि तिनं ती पदराखाली झाकून ठेवली. मी विचारलं तर म्हणाली, मच्छर चावला. मच्छर चावल्यावर माणसाला रोज संध्याकाळी ताप येतो काय? ब्लाउज ढिले पडतात काय? शेवटी नागपूरहून आमचा मुलगा विवेक आला आणि तिला वर्धेच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. गाठीचा तुकडा तपासायला गेला, आणि निकाल आला तेव्हा विवेक परत ड्युटीवर गेलेला होता. कॅन्सर होता. लिम्फोमा म्हणतात त्याला. फोनवर विवेक म्हणाला, "बाबा, आईचं वय पाहा. उगाच सुया टोचून तिचे हाल नका करू." मी म्हटलं, "तुह्या मायचं वय तुले आजच दिसलं काय?" आणि फोन ठेवून दिला. मग बाहेर ओट्यावर जाऊन बसलो, कारण मला रडू येत होतं आणि तिला ते दिसायला नको होतं.

कॅन्सरचे डॉक्टर होते भूपेंद्र सर. मूळचे सिंदी रेल्वेचे, वडिलांचा तिथं कापसाचा धंदा. माणूस चांगला, पण दारात पेशंटची ही गर्दी. त्यांच्याआधी एक शिकाऊ डॉक्टरीण पेशंटला तपासून घेई. ती दूर दक्षिणेकडची होती, पण मराठी छान शिकली होती. तिनं विचारलं, "आजी, जेवण कसं आहे?"

"दोन भाकरी खाते," मी सांगितलं.

"झोप?"

"मस्त लागते."

"चालताना चक्कर?"

"कधीमधी येते, पण ते वयानं."

ती पोरगी माझ्याकडे वळून म्हणाली, "काकाजी, आजींना बोलू द्या. तुम्ही जरा बाहेर बसा." मी भागीरथापेक्षा चार वर्षांनी मोठा, तरी मी काकाजी आणि ती आजी. केसांना कलप लावतो त्याचा हा एवढाच फायदा. बाहेर बसलो. लई राग आला होता.

थोड्या वेळानं भूपेंद्र सरांनी आत बोलावलं. ते म्हणाले, "काकाजी, ही गाठ औषधानं विरघळणारी आहे. पेशंट तरुण असता तर पूर्ण बरा करायचा म्हणूनच औषध सुरू केलं असतं. पण आजींचं वजन गेलंय, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, आणि विसरभोळेपणाही दिसतो. तारीख सांगता आली नाही. घरच्या माणसाचं नावसुद्धा आठवलं नाही. अशा पेशंटला जड औषध दिलं तर गोंधळ वाढतो, कधी जिवावर बेततं. आपण गोळ्या देऊ. जितके दिवस आहेत ते बिनत्रासाचे जातील असं पाहू."

तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि बाकावर बसवलं. मग विचारलं, "कायचं नाव इसरली तू?"

"काई इसरली नाई."

"मंग?"

ती दुसरीकडे पाहू लागली. "थे पोरगी म्हणे, मालकाचं नाव काय. मी गप रायली."

"काऊन?"

"काऊन म्हून काय विचारता? तुमचं नाव घेऊ काय मी, लोकाइसमोर?"

बाप्पा. मी कपाळाला हात लावला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण या बाईनं माझं नाव एकदाही घेतलेलं नाही. विवेक व्हायच्या आधी मी "अवं, आयकलं का" होतो, नंतर "विवेकचे बाबा" झालो. डेपोत निरोप द्यायचा असला तर म्हणायची, कंडक्टरले सांगा. मी तिला कितीदा बोललो असेन, अगं, आपल्या आईबापांनी दीक्षा घेतली, जुनं सगळं सोडलं, आणि तू अजून नवऱ्याच्या नावाला लाजते. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "थे सोडलं. लाज नाई सोडली."

मी रांग तोडून आत गेलो. शिपाई ओरडला, त्याच्यावर मी ओरडलो. सरांना म्हटलं, "सर, ही बाई मला विसरली नाही. माझं नाव ती घेतच नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया घेत नाहीत. एवढ्यासाठी तुम्ही तिला घरी मरायला पाठवून राह्यले काय?"

शिकाऊ डॉक्टरीण लाल झाली बिचारी. भूपेंद्र सरांनी पेन खाली ठेवला. ते म्हणाले, "माझी आजीपण घ्यायची नाही. मलाच सुचायला पाहिजे होतं." मग म्हणाले, "काकाजी, फक्त नावावरून मी नाही म्हटलं नव्हतं. पण मला गाठ कळते. म्हातारं माणूस किती पेलेल, ते पाहणाऱ्या वेगळ्या डॉक्टर आहेत आपल्याकडे. दर गुरुवारी आम्ही दोघं एका टेबलाला बसून वयस्क पेशंटचं ठरवतो. आज गर्दीत मी एकट्यानंच ठरवून मोकळा झालो, ते चुकलं. गुरुवारी या. आणि घरात जितक्या गोळ्या आहेत, तुमच्या-त्यांच्या, सगळ्या पिशवीत घालून आणा."

मोठ्या डॉक्टरनं चुकलं म्हणणं मी पहिल्यांदाच ऐकलं. माझा राग तिथंच अर्धा झाला.

गुरुवारी आर्वीहून पहिली गाडी धरली. त्या दुसऱ्या डॉक्टर म्हणजे रक्षा मॅडम, म्हाताऱ्या माणसांच्या डॉक्टर. असा काही वेगळा डॉक्टर असतो हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, म्हाताऱ्यांचं काय पाहायचं, सगळंच बिघडलेलं असते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "त्यातलं काय दुरुस्त होतं, तेवढं पाहायचं."

त्यांनी पिशवी टेबलावर उलटी केली. एकेक पाकीट हातात घेऊन विचारत गेल्या, ही कोणाची, ही कधी घेता. एका पाकिटावर थांबल्या. झोपेच्या गोळ्या, माझ्या. भागीरथा रात्रभर कूस बदलायची म्हणून मी तिला रोज त्यातली एक देत होतो.

"आजी दिवसा डुलक्या घेतात, चालताना झोक जातो, तारखा चुकतात, त्यात या गोळीचा मोठा वाटा आहे," मॅडम म्हणाल्या. "आजपासून बंद."

"मी काय विष दिलं काय? मला तर काही होत नाही," मी म्हटलं.

"तुमचं वजन त्यांच्या दीडपट आहे काकाजी. आता बाहेर बसा."

पुन्हा बाहेर. काय म्हणावं या लोकांना? पण यावेळी आतून बराच वेळ बोलण्याचा आवाज येत होता, आणि एकदा तर भागीरथा चक्क हसली. आजारी पडल्यापासून ती हसली नव्हती. मी दाराकडे पाहत बसून राहिलो. मध्येच दार उघडलं, ती बाहेर आली आणि मॅडमच्या सांगण्यावरून व्हरांड्यात चालून दाखवून परत आत गेली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मग मला आत घेतलं. टेबलाच्या एका बाजूला भूपेंद्र सर, त्यांच्या शेजारी रक्षा मॅडम, समोर आम्ही दोघं.

मॅडम सरांना म्हणाल्या, "डोकं शाबूत आहे. रोहण्याच्या त्यांच्या माहेरची माणसं, कोणाची लेक कुठं दिली, सगळं मला सांगून झालं. अशक्तपणा खरा आहे, पण तो उपाशी राहिल्याचा. सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर जेवतात. तीन आठवडे द्या मला. दोन वेळा अंडं, दूध, डाळ, रोज चालणं, खुर्चीतून उठायचा व्यायाम. मग सुरू करू."

"पूर्ण डोस नाही पेलणार," सर म्हणाले.

"पूर्ण नकोच. वयाच्या हिशोबानं अर्ध्याच्या आसपास."

"तेवढ्यानंही हा आजार बरा होऊ शकतो," सर म्हणाले. "खात्री नाही देत काकाजी, पण बरं करायचं म्हणूनच देऊ."

मी हात जोडले. मॅडम भागीरथाकडे वळल्या. "आजी, तुम्हाला काय वाटतं?"

"तिले बरं व्हायचं हाय," मी म्हटलं.

"काकाजी, मी आजींना विचारलं."

भागीरथानं पदर सावरला. "याच्यानं काय काय जाईन माहं?"

सरांनी लपवलं नाही. केस जातील, ते परत येतात. उलट्या, थकवा. ताप आला तर लगेच यावं लागेल. त्यातल्या एका औषधानं हातापायाच्या बोटांना मुंग्या येतात, कधी बोटं बधिर होतात, आणि या वयात ते पूर्ण भरून येईलच असं नाही.

"केस गेले तं गेले," ती म्हणाली. मग टेबलावरचे दोन्ही हात तिनं मांडीवर घेतले. "बोटं बधिर होत असन तं मले औषध नोको."

मी खुर्चीतून उठलोच. "येडी झाली काय तू? जीव मोठा का बोटं मोठी?"

"तुमी बसा." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, डॉक्टरांनाच सांगू लागली. "याईले शुगर हाय. पायाले काई कळत नाई. काटा रुतू द्या, खडा रुतू द्या, माहीतच नाई पडत. मांगं असंच झालं, पायाची करंगळी कापा लागली. तवापासून मी रोज पाय पाह्यते. माह्या डोयाले दिसत नाई बरोबर, बोटानंच पाह्यते. माही बोटं गेली तं याईचे पाय जातीन."

मी खाली बसलो. खरी गोष्ट होती. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ती माझे पाय मांडीवर घ्यायची. टाच, तळवा, बोटांच्या मधल्या जागा, सगळीकडून बोट फिरवायची. मी तेव्हा टीव्हीवर बातम्या पाहत असे. कधी वैतागून म्हणत असे, झालं का वं तुहं चेकिंग. ते चेकिंग ती जिवाच्या वर ठेवून बसली असेल असं मला कसं कळावं? माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला तिथं ओटा नव्हता.

दोन्ही डॉक्टर एकमेकांशी हळू आवाजात बोलले. सर म्हणत होते, ते औषध पहिल्यापासून काढलं तर इलाज लंगडा होतो. मॅडम म्हणत होत्या, मग कमी मापानं सुरू करू, दर वेळी बोटं तपासू, सुन्न व्हायला लागली की थांबवू. शेवटी मॅडमनी ड्रॉवरमधून तीन डब्या काढल्या. डोळे मिटायला लावून भागीरथाच्या चिमटीत एकेक दाणा दिला. ज्वारी, तुरीची डाळ, मोहरी. तिन्ही तिनं बरोबर ओळखले.

"दर वेळी हे करायचं," मॅडम म्हणाल्या. "ज्या दिवशी चुकाल त्या दिवशी औषध थांबवू. चालेल?"

"चालन," भागीरथा म्हणाली.

तीन आठवडे मी तिला माझ्यासमोर बसवून जेवू घातलं. आधी तू, मग मी. तिला ते एवढं जड गेलं की पहिल्या दिवशी तिनं अर्धं अंडं माझ्या ताटात टाकलं. मी परत तिच्या ताटात टाकलं. संध्याकाळी डेपोच्या भिंतीपर्यंत चालत नेत होतो. जुने ड्रायव्हर भेटायचे, म्हणायचे, काय पुंडलिकराव, म्हातारपणी वहिनीले फिरवून राह्यले. मी म्हणायचो, डॉक्टरनं प्रिस्क्रिप्शन देलं, रोज एक फेरी.

मग डोस सुरू झाले. दर तीन आठवड्यांनी एक, असे सहा द्यायचे होते. पहिल्या डोसनंतर ती चार दिवस उठली नाही. मी खिचडी केली, ती जळली, तिनं मुकाट्यानं खाल्ली. दुसऱ्यानंतर केस गेले. तिनं डोक्याला पांढरा रुमाल बांधला आणि आरशात पाहून म्हणाली, आता मी विवेकच्या आजोबासारखी दिसते. तिसऱ्यानंतर मानेवरची गाठ हाताला लागेनाशी झाली. डोसच्या गुरुवारी दोघं डॉक्टर एकत्र पाहत, रक्त तपासत, दाणे ओळखायला देत. भागीरथा डोळे मिटून सांगायची, ज्वारी, डाळ, मोहरी. चौथा डोसही झाला.

पाचव्या डोसच्या आदल्या दिवशी सकाळी मी आंघोळीला बसलो तर फरशीवर लाल ठिपके दिसले. पाय वर करून पाहिला. टाचेत बाभळीचा काटा होता, चांगला आत गेलेला, भोवती सूज. आदल्या संध्याकाळी भागीरथानं पाय पाहिले होते. त्या टाचेवरून तिचं बोट दोनदा फिरलं होतं, आणि ती म्हणाली होती, "साफ हायेत."

मी काटा काढला, औषध लावलं, पट्टी बांधून मोजा घातला. तिला काही सांगितलं नाही, आणि संध्याकाळी झोपेचं निमित्त करून पायही पाहू दिले नाहीत. तिची बोटं गेली होती आणि ती ते लपवत होती. का लपवत होती, हे मात्र कळेना.

रात्रीही तोच विचार होता आणि सकाळी गाडीतही. मी बोललो तर औषध थांबणार, तसंच ठरलं होतं. गाठ नुकतीच विरघळली होती, दोन डोस राहिले होते, आणि अर्धवट सोडलेला आजार परत उलटला तर? नाही बोललो तर तिची बोटं कायमची जातील. पुलगाव मागे पडेपर्यंत माझा निर्णय झाला. खड्ड्यात गेले माझे पाय. नको बोलायला.

टेबलासमोर बसलो. मॅडमनी विचारलं, "आजी, मुंग्या, बधिरपणा?"

"काई नाई," ती म्हणाली. डोळे मिटून तिनं तिन्ही दाणे सांगितले. ज्वारी, डाळ, मोहरी. बरोबर.

मी जमिनीकडे पाहत होतो. सर डोसचं लिहायला लागले. मॅडम मात्र माझ्याकडे पाहत होत्या.

"काकाजी, आज तुम्ही आल्यापासून एक शब्द बोलला नाहीत."

"काय बोलू?"

"तेच विचारते आहे. तुम्ही गप्प म्हणजे काहीतरी झालंय."

"मॅडम, मला विचारू नका," मी म्हटलं आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

मॅडमनी पुन्हा डब्या घेतल्या. यावेळी आधी मोहरी दिली. भागीरथा म्हणाली, "ज्वारी." मग ज्वारी दिली. ती म्हणाली, "डाळ." मग तिला कळलं. तिनं डोळे उघडले आणि हात मागे घेतला. दर वेळी दाणे त्याच क्रमानं देत होते, आणि तिनं तो क्रम पाठ करून ठेवला होता.

"जिला आम्ही विसरभोळी म्हटलं होतं, ती ही," भूपेंद्र सर हळूच म्हणाले. पण हसलं कोणी नाही.

मी मोजा काढून टाच दाखवली. "परवा तू पाय पाहिले. टाचेत काटा होता, तो तुह्या बोटाखालून गेला भागीरथा."

ती वाकली. तिनं माझी टाच दोन्ही हातांत धरली, पट्टीवर बोट दाबलं, पुन्हा दाबलं. तिला काही लागत नव्हतं आणि मलाही काही कळत नव्हतं. ती रडायला लागली. "मंग तुमी काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं औषध बंद झालं असतं."

"मी बी त्याच्याचसाठी नाई सांगतलं."

मॅडमनी तिला पाणी दिलं. मग विचारलं, "आजी, पहिल्या दिवशी तुम्ही म्हणाला होता, बोटं गेली तर औषध नको. मग आता?"

"आता मले जगायचं हाय."

"काकाजींचे पाय पाहायला?"

भागीरथानं मान हलवली, नाही म्हणून. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे पाहूनच बोलली. "रोहण्याले माही लहान बहीण हाय, यशोदा. लग्न झाल्यापासून मी तिथं एका रातीच्या वर राह्यली नाई. इथं कोणाचं तरी काई तरी रायेच. सासूचं, विवेकचं, याईचं. मले तिच्या ओट्यावर महिनाभर बसायचं हाय. सयपाक नाई, कोणाचे पाय नाई. पहिले मी म्हटलं, मेली तं मेली. पण गाठ गेली आन मले वाटाले लागलं, आता माह्यासाठी जगून पाहू. म्हून खोटं बोलली."

रोहणा आर्वी तालुक्यातच. त्या रस्त्यानं मी किती फेऱ्या केल्या असतील. भर उन्हात, थंडीत, गाडीतल्या हरेक बाईला तिच्या माहेरच्या फाट्यावर हात धरून उतरवून दिलं. माझ्या बायकोला तिथं राहावंसं वाटत असेल, हे मला एकदाही सुचलं नाही. मी आयुष्यभर तिच्या वतीनं उत्तरं दिली होती, आणि त्यातलं एकही तिचं नव्हतं.

भूपेंद्र सर खुर्ची पुढे ओढून बसले. "आजी, थोडी चूक आमची आहे. औषध थांबवू म्हटलं, ते त्या एका औषधाबद्दल होतं, सगळ्या इलाजाबद्दल नाही. आम्ही नीट सांगितलं नाही. ते एक काढून टाकतो. बाकीच्या औषधांचे दोन डोस पूर्ण देऊ. काढलेल्या औषधाचं काम आतापर्यंत बरंच झालेलं आहे."

"म्हंजे बंद नाई होत?"

"नाही होत."

तिनं रुमालाच्या टोकानं डोळे पुसले. मॅडम मला म्हणाल्या, "काकाजी, पायांचं आता तुम्हीच पाहायचं. आरसा जमिनीवर ठेवायचा, त्यावर पाय धरायचा. रोज." मी मान डोलावली. आणखी काही बोललो नाही, आणि यावेळी मॅडमनीही विचारलं नाही.

राहिलेले डोस झाले. उन्हाळ्यात पुन्हा मोठी तपासणी झाली, गाठ कुठं दिसली नाही. सर म्हणाले, दर तीन महिन्यांनी येत राहा. मॅडम म्हणाल्या, मोतीबिंदू काढून घ्या, पण रोहण्याहून आल्यावर. बोटांच्या टोकांना अजून बधिरपणा आहे. ब्लाउजची बटणं मी लावून देतो. ती म्हणते, कंडक्टरच्या हाताले चांगली सवय हाय.

परवा मी तिला डेपोत घेऊन गेलो. रोहण्याची गाडी लागलेली होती. पिशवी वर ठेवून दिली, खिडकीजवळची जागा धरून दिली आणि खाली उतरलो. कंडक्टर नवीन होता. तो तिच्यापाशी आला तेव्हा माझं तोंड उघडलंच होतं, ही आजारातून उठली आहे, फाट्यावर नीट उतरव, यशोदाबाईचं घर विचारजो, सगळं सांगायचं होतं. मी तोंड मिटलं.

"रोहणा, एक," भागीरथा म्हणाली.

तिनं तिकीट बधिर बोटांत धरून नीट घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवलं. गाडी सुरू झाली तसा मी दोन पावलं बरोबर चाललो. तिनं खिडकीतून डोकं काढलं. नवे केस बोटभर वाढले आहेत, पांढरे शुभ्र.

"महिनाभर येत नाई मी," ती म्हणाली. "रोज पाय पाहजा."

"पाहतो," मी म्हटलं.